प्रगत परिचारिका परवडते का? हिशोब मांडायचा कसा

गावातल्या उपकेंद्रावर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी असते आणि आत समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. त्यातल्या बऱ्याच जणी बीएस्सी नर्सिंग झालेल्या असतात. लोकांची पहिली शंका ठरलेली : डॉक्टर नाहीत, मग नुसत्या सिस्टरकडे कशाला जायचं? खर्चाची चर्चा निघाली की याच्या उलट सूर लागतो : डॉक्टरपेक्षा सिस्टरचा पगार कमी, म्हणजे पैसे वाचलेच.

दोन्ही म्हणणी घाईची आहेत. जास्त शिकलेल्या परिचारिकेवर खर्च केलेला रुपया कामी येतो की नाही, हे तिच्या पदावरूनही कळत नाही आणि पगाराच्या आकड्यावरूनही नाही. तो हिशोब वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. परदेशात पन्नासहून अधिक वर्षं तो मांडला जातोय, आणि त्यातून निघालेली उत्तरं एकसारखी नाहीत. कुठे भरपूर पैसा वाचला, कुठे काहीच फरक पडला नाही, कुठे खर्च वाढला. असं का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे.

## प्रगत परिचारिका म्हणजे कोण

आपल्याला एएनएम, जीएनएम, अधिपरिचारिका, परिसेविका ही पदं माहीत असतात. प्रगत परिचारिका म्हणजे नोंदणीकृत परिचारिका झाल्यानंतर एखाद्या क्षेत्रात, बहुधा पदव्युत्तर पातळीवर, आणखी शिकलेली आणि त्या क्षेत्रात स्वतः निर्णय घ्यायची मुभा असलेली परिचारिका. ती रुग्ण तपासते, ठरलेल्या चौकटीत तपासण्या सांगते, औषधांचे डोस कमी-जास्त करते आणि कोणता रुग्ण डॉक्टरांकडे पाठवायचा ते ओळखते. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशलिस्ट, भूल देणारी परिचारिका आणि नर्स मिडवाइफ असे तिचे चार प्रकार आहेत. नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम १९६५मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ या दोघांनी सुरू केला, लहान मुलांच्या आरोग्यासाठी.

भारतात अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २०१६-१७च्या सुमारास आला. प्रसूतीसाठीही नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ तयार करण्याचं धोरण २०१८मध्ये ठरलं. उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी या व्याख्येत पूर्ण बसत नाहीत. त्यांचं प्रशिक्षण सहा महिन्यांचं असतं, आणि महाराष्ट्रात त्या पदावर आयुर्वेद पदवीधरही आहेत. पण ‘डॉक्टर नसलेल्या माणसाने स्वतः तपासून उपचार करायचे’ हा मुद्दा सारखाच असल्यामुळे पुढचा हिशोब त्यांनाही लागू पडतो.

## पगार कमी म्हणजे खर्च कमी?

इथेच बहुतेकांची गाडी अडते. इंग्लंड आणि वेल्समधल्या २० दवाखान्यांत झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी अपॉइंटमेंट मागणाऱ्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं, कोणतीही निवड न करता, काहींना डॉक्टरांकडे आणि काहींना नर्स प्रॅक्टिशनरकडे पाठवलं. डॉक्टरांनी एका रुग्णाला सरासरी ७.२८ मिनिटं दिली, परिचारिकांनी ११.५७ मिनिटं. तपासण्या डॉक्टरांनी ५.६ टक्के रुग्णांना सांगितल्या, परिचारिकांनी ८.७ टक्क्यांना. ‘परत दाखवायला या’ असं डॉक्टरांनी २४.८ टक्क्यांना सांगितलं, परिचारिकांनी ३७.२ टक्क्यांना. रुग्ण परिचारिकांवर जास्त खूश होते आणि तब्येतीतला फरक दोन्हीकडे सारखाच होता.

खर्च? डॉक्टरांकडे माणशी २०.७० पौंड, परिचारिकांकडे १८.११ पौंड. हा फरक इतका लहान की तो योगायोगानेही येऊ शकतो. म्हणजे पगारातली बचत जादा मिनिटांत, जादा तपासण्यांत आणि जादा फेऱ्यांत विरून गेली. घाऊक बाजारात भाजी स्वस्त मिळाली, पण जाण्यायेण्याच्या रिक्षाभाड्यात ते पैसे गेले, तसंच.

या अभ्यासाचा आधार घेऊन ‘बघा, काही वाचत नाही’ असं म्हणणारे आहेत. मला तो निष्कर्ष अर्धवट वाटतो. सर्दी-खोकल्याच्या एका भेटीत वाचण्यासारखं मुळातच फारसं काही नसतं. जिथे एक चूक पुढे मोठा खर्च ओढवते, तिथे मोजायला हवं.

## खर्च आणि परिणाम, दोन्ही एका तागडीत

या विषयात एकच अवघड शब्द खरा महत्त्वाचा आहे : खर्च-परिणामकारकता. म्हणजे एका पद्धतीवर दुसरीपेक्षा किती जास्त किंवा कमी खर्च झाला आणि त्या बदल्यात किती जास्त किंवा कमी आरोग्य मिळालं, यांचं गुणोत्तर. घरात प्रेशर कुकर घेताना आपण हेच करतो. कुकर पातेल्यापेक्षा महाग असतो. पण डाळ किती मिनिटांत शिजते, महिन्याचा सिलिंडर किती दिवस जास्त पुरतो, हे धरल्याशिवाय तो महाग की स्वस्त ते ठरत नाही.

उत्तरं चार प्रकारची येतात. खर्च कमी आणि परिणाम चांगला असेल तर प्रश्नच मिटला. खर्च जास्त आणि परिणाम वाईट असेल तर ती पद्धत सोडून द्यायची. खर्च कमी पण परिणामही थोडा वाईट असेल, तर तेवढी झळ चालेल का, ते ठरवावं लागतं. सगळ्यात जास्त वेळा येतो तो चौथा प्रकार : खर्च थोडा जास्त, परिणाम चांगला. तेव्हा विचारायचं, एक मृत्यू टळायला, एक दाखला (म्हणजे रुग्णालयात दाखल होण्याची एक वेळ) टळायला किंवा निरोगी आयुष्याचं एक वर्ष वाढायला किती रुपये पडले?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिचा हिशोब याच भाषेत मांडला गेला होता. ती प्रगत परिचारिकांची पद्धत नव्हती, गावातल्याच प्रशिक्षित महिलांची होती. पण हिशोबाची शिस्त पाहण्यासारखी आहे : दर बाळामागे खर्च ५.३ डॉलर, आणि १९९७-९८मध्ये काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. गुणाकार केला की एक मृत्यू टळायला सुमारे ९५ डॉलर पडले. ‘आम्ही चांगलं काम करतो’ या वाक्यापेक्षा असा एक आकडा धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर जास्त बोलतो.

## जे घडलं नाही, त्याची किंमत

प्रगत परिचारिकेची खरी कमाई रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही, कारण ती न घडलेल्या गोष्टींत असते. याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा १९८६मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातून आला.

दीड किलो किंवा त्याहून कमी वजनाची ७९ नवजात बाळं. अशी बाळं ठरावीक वजनाची होईपर्यंत रुग्णालयातच ठेवायची रीत होती. अभ्यासात निम्म्या बाळांना, ती स्थिर झाली असतील तर, सरासरी ११ दिवस आधी आणि सुमारे २०० ग्रॅम कमी वजनाची असताना घरी सोडलं. अट एकच : नवजात बाळांच्या काळजीत विशेष शिक्षण घेतलेली परिचारिका आईला तयार करणार, घरी भेटी देणार आणि फोनवर उपलब्ध राहणार.

लवकर सोडलेल्या बाळांची तब्येत आणि वाढ दुसऱ्या गटाइतकीच चांगली राहिली. रुग्णालयाचं बिल सरासरी ६४,९४० डॉलरवरून ४७,५२० वर आलं, डॉक्टरांचं बिल ७,६४९ वरून ५,९३३ वर. परिचारिकेच्या घरभेटींचा खर्च दर बाळामागे ५७६ डॉलर. वजाबाकी करा : दर बाळामागे १८,५६० डॉलर वाचले. इथे परिचारिका स्वस्त म्हणून पैसे वाचले नाहीत. ती होती म्हणून ११ दिवसांची अतिमहाग खाट मोकळी करता आली.

त्याच शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेरी नेलर आणि सहकाऱ्यांनी पुढे हीच कल्पना म्हाताऱ्या माणसांसाठी वापरली. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हृदयाची ताकद कमी झाल्यामुळे दाखल झालेले, ६५ आणि त्यापुढच्या वयाचे २३९ रुग्ण होते. प्रगत परिचारिका रुग्णालयात रोज भेटायची. डिस्चार्जनंतर २४ तासांच्या आत घरी जायची, पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरा दिवसांनी. एकूण किमान आठ घरभेटी. डॉक्टरांकडे पहिल्या तपासणीला ती सोबत असायची आणि आठवड्याचे सातही दिवस फोनवर मिळायची. वर्षभरात नेहमीच्या पद्धतीच्या गटात १६२ वेळा पुन्हा दाखल व्हावं लागलं, परिचारिकेच्या गटात १०४ वेळा. माणशी सरासरी खर्च १२,४८१ डॉलरच्या जागी ७,६३६ डॉलर झाला. जीवनमानात झालेली सुधारणा मात्र अल्पकाळच टिकली, हेही सांगायला हवं.

## त्या घरभेटीत नेमकं काय होतं

‘फॉलो-अप’ या शब्दावरून हे काम किरकोळ वाटतं, म्हणून ते जवळून पाहू. हृदयाच्या अशा रुग्णाच्या घरी शिकलेली परिचारिका आधी वजनकाटा ठेवते. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन-सव्वादोन किलो वजन वाढलं असेल, तर ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते ती बघते. झोपताना उशी एक लागते की तीन, हे विचारते, कारण आडवं पडल्यावर दम लागत असेल तर उशा वाढत जातात.

मग औषधांची पिशवी सतरंजीवर उलटी करते. खरं निदान बहुधा इथेच होतं. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या निघतात. रुग्णालयातली एक आणि गावच्या दुकानातली दुसरी, आणि आजोबा दोन्ही घेत असतात. गुडघेदुखीची वेदनाशामक गोळी निघते, जी शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते आणि हृदयावरचा भार वाढवते. लघवीची गोळी मात्र जशीच्या तशी उरलेली असते, कारण एसटीने तालुक्याला जायचं होतं आणि वाटेत लघवीला लागलं तर पंचाईत. ती गोळी परतल्यावर, दुपारी घेतली तरी चालेल, एवढं सांगणारं कोणी भेटलेलं नसतं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं. स्वयंपाकघरात पापड, लोणचं, सांडगी मिरची, सुकट. भाजीत मीठ कमी केलेलं असतं, ताटाच्या डाव्या बाजूला कोणाचं लक्ष नसतं.

या भेटीला चाळीस-पन्नास मिनिटं लागतात. ती झाली नाही, तर दहाव्या दिवशी रात्री दोन वाजता दम लागलेला माणूस जीप करून रुग्णालयात येतो. नुसतं घरी जाऊन रक्तदाब लिहून आणणाऱ्या माणसाला हे साधत नाही. वाढलेल्या वजनाचा अर्थ लावून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून डोस बदलण्याचं शिक्षण आणि अधिकार, दोन्ही लागतात.

## आता रुपयांत मांडून बघू

खालचे सगळे आकडे निव्वळ उदाहरणासाठी, ‘समजा’ म्हणून घेतले आहेत. रीत समजावी एवढाच हेतू.

समजा परिचारिकेचा महिन्याचा पूर्ण खर्च ७०,००० रुपये आहे. पूर्ण म्हणजे पगारासोबत भत्ते, रजा आणि निवृत्तिवेतनातला वाटा धरून. रजा, बैठका, रजिस्टरं वजा जाता रुग्णांसाठी, प्रवास धरून, तिच्याकडे महिन्याला १३० तास उरतात. तर एका तासाचा खर्च सुमारे ५३८ रुपये. याच ७०,०००ला महिन्याच्या कामाच्या सगळ्या २०८ तासांनी भागलं तर हाच आकडा ३३७ येतो, आणि पुढचा सगळा हिशोब तिथेच चुकतो.

एका रुग्णामागे आठ घरभेटी, प्रत्येकी दीड तास, म्हणजे १२ तास; रुग्णालयातल्या भेटी दोन तास; फोन दोन तास. एकूण १६ तास, सुमारे ८,६०० रुपये. प्रवासाचं पेट्रोल १,२००. तिने डॉक्टरांचा घेतलेला एक तासाचा वेळ १,२००. प्रशिक्षणाच्या खर्चाचा वाटा ५००, वजनकाटा आणि फोन ५००. बेरीज १२,००० रुपये. १०० रुग्णांचे १२ लाख. वर्षात तिच्याकडे १,५६० तास आहेत आणि रुग्णामागे १६ लागतात, म्हणजे एका परिचारिकेला शंभराच्या आसपासच रुग्ण झेपतील.

समजा एरवी या १०० जणांत सहा महिन्यांत ४० वेळा पुन्हा दाखल व्हावं लागतं आणि आता २५ वेळा लागलं. एका दाखल्याचा सरकार आणि कुटुंब यांचा मिळून खर्च ६०,००० रुपये. १५ दाखले टळले, ९ लाख वाचले. खर्च १२ लाख, वाचले ९ लाख. म्हणजे ३ लाख जादा लागले आणि १५ दाखले टळले. एक दाखला टळायला २०,००० रुपये. पैसे वाचले नाहीत, पण दाखल्याचे वाचलेले ६०,००० वजा केल्यावर, एका दाखल्याचं आणि घरच्यांच्या धावपळीचं संकट वरच्या २०,०००मध्ये टळलं. हे परवडलं की नाही? माझ्या मते परवडलं. कोणाला तसं वाटलं नाही, तर निदान वाद एका स्पष्ट आकड्यावर होईल.

आता एकच गोष्ट बदलू. सरसकट सगळ्यांऐवजी, गेल्या सहा महिन्यांत आधीच एकदा दाखल झालेले आणि घरी बघणारं कोणी नसलेले रुग्ण निवडले. समजा त्यांच्यात १००मागे ६० वेळा पुन्हा दाखल व्हायची वेळ येते आणि ती ३६वर आली. २४ दाखले टळले, १४ लाख ४० हजार वाचले, खर्च तोच १२ लाख. आता २ लाख ४० हजार शिल्लक राहिले. परिचारिका तीच, पगार तोच. फक्त तिला कोणाच्या दारात पाठवलं, ते बदललं.

उलटंही होतं. तिला मधूनमधून वॉर्डात ड्युटी लावली, सर्वेक्षणाला पाठवलं, आणि वर्षात ६०च रुग्ण झाले. वर्षाचा ८ लाख ४० हजारांचा खर्च तेवढ्यांवरच पडतो. रुग्णामागे ८,६००चे १४,००० होतात. मग वर्षअखेरीला कोणीतरी म्हणतं, प्रयोग महाग पडला.

## अभ्यास फसतो तो कुठे

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे तुलनाच नसणे. ‘आधी ४० दाखले होते, परिचारिका नेमल्यावर २५ झाले’ यात तिचा वाटा किती आणि त्या वर्षी आलेल्या नव्या औषधाचा किती? शिवाय अगदी वाईट अवस्थेतल्या रुग्णांना निवडलं की त्यांच्यातले काही जण काहीही केलं नाही तरी थोडे सुधारलेले दिसतात. म्हणून त्याच काळातला, तसाच दुसरा गट लागतो, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकून ठरावं लागतं. ते डॉक्टरांवर किंवा सिस्टरवर सोडलं, तर बरे रुग्ण सिस्टरकडे आणि गुंतागुंतीचे डॉक्टरांकडे जातात. मग सिस्टरचे निकाल उगाच चांगले दिसतात.

दुसरी चूक आपल्याकडे हमखास होणारी. रुग्ण पुन्हा आपल्याच रुग्णालयात आला नाही, म्हणून ‘पुनर्दाखला शून्य’ असं लिहायचं. तो तालुक्याच्या खासगी रुग्णालयात चार दिवस काढून, दागिना गहाण टाकून घरी आलेला असतो. रजिस्टर बघून हे कळत नाही, घरी फोन करूनच कळतं.

तिसरी चूक मुदतीची. ३० दिवसांत थांबलं तर खर्च सगळा दिसतो, फायदा अर्धाच. नेलर यांनी ५२ आठवडे मोजलं. चौथी, नव्या परिचारिकेचे पहिले तीन महिने शिकण्यात जातात. तेवढेच मोजून निकाल लावू नये.

आणि शेवटी आकडे हलवून पाहावे लागतात. वरच्या उदाहरणात एका दाखल्याचा खर्च ६०,०००ऐवजी ८०,००० धरला, तर पहिला हिशोबही बरोबरीत येतो. कोणत्या आकड्यावर सगळं अवलंबून आहे, ते उघड लिहिणं हीच अशा अहवालाची विश्वासार्हता.

## पैसे वाचतात, पण कोणाचे?

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात बर्लिंग्टन इथे १९७१-७२मध्ये दोन डॉक्टरांच्या दवाखान्यात मोठी चाचणी झाली. नर्स प्रॅक्टिशनरकडे जाणाऱ्या कुटुंबांची तब्येत डॉक्टरांकडे जाणाऱ्यांइतकीच राहिली, रुग्ण समाधानी होते, समाजाच्या दृष्टीने ही पद्धत परवडणारी ठरली. डॉक्टरांना मात्र ती फायद्याची ठरली नाही, कारण परिचारिकेने स्वतः दिलेल्या सेवेचे पैसे देण्यावर विमा व्यवस्थेची बंधनं होती.

फिलाडेल्फियातही अडचण तीच. दाखले टळले की ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे, म्हणजे मेडिकेअरचे पैसे वाचतात. पण रुग्णालयाला पैसे दाखल्यामागे मिळतात. खर्च रुग्णालयाने करायचा आणि फायदा विम्याला, असं असेल तर कोण पुढे येईल? ऑक्टोबर २०१२पासून मेडिकेअरने प्रमाणाबाहेर पुनर्दाखले होणाऱ्या रुग्णालयांचे पैसे कापायला सुरुवात केली. मगच अशा परिचारिका नेमणं रुग्णालयांच्याही फायद्याचं झालं.

आपल्या सरकारी रुग्णालयात अजून एक गुंता आहे. एसटीतला एक प्रवासी कमी झाला म्हणून डिझेल वाचत नाही; तशी एक खाट रिकामी झाली म्हणून वॉर्डाचा पगार आणि वीजबिल कमी होत नाही. त्या खाटेवर दुसरा रुग्ण येतो. म्हणून ‘इतके लाख वाचले’ असं लिहिलं की लेखा विभाग विचारतो, कुठे आहेत? खरं उत्तर असं : रोख शिल्लक पडली नाही, पण जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्या रुग्णाला खाट मिळाली. ते तसंच लिहावं. कुटुंबाची बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं मात्र रोखच वाचतं.

## “पण सिस्टर म्हणजे डॉक्टर नव्हे”

नाहीच. आणि काही जागी हे आकड्यांतही दिसतं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या तातडीच्या विभागांचा एक मोठा अभ्यास २०२२मध्ये समोर आला. तिथे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरकडे रुग्ण सरासरी जास्त वेळ थांबले, टाळता येण्यासारखे दाखले वाढले आणि पगार कमी असूनही एकूण खर्च वाढला. गुंतागुंतीच्या रुग्णांत फरक जास्त होता. त्याच अभ्यासात हेही दिसलं की कोणतीही एक परिचारिका आणि कोणताही एक डॉक्टर अशी जोडी लावली, तर ३८ टक्के जोड्यांत परिचारिका सरस ठरली.

तातडीच्या विभागात काही मिनिटांत, अपुऱ्या माहितीवर निदान करायचं असतं. तिथे डॉक्टरांच्या वर्षानुवर्षांच्या शिक्षणाची किंमत कळते. ठरलेलं निदान असलेला मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयरोग महिनोन्‌महिने सांभाळणं हे निराळं काम. प्राथमिक उपचारांत डॉक्टरांच्या जागी परिचारिका असलेल्या १८ चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २०१८मध्ये आला. रुग्णांची तब्येत सारखी किंवा थोडी बरी, समाधान किंचित जास्त, भेट लांब. खर्चाबद्दल मात्र ठाम काही म्हणता येत नाही, असा त्याचा कौल आहे. परिचारिकांच्या बाजूने बोलताना हे शेवटचं वाक्य गाळू नये.

## “हे सगळं श्रीमंत देशांत चालतं”

दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीच्या लाखो रुग्णांना औषधं द्यायची होती आणि डॉक्टर पुरेसे नव्हते. ८१२ रुग्णांच्या चाचणीत परिचारिकेच्या देखरेखीखालचे उपचार डॉक्टरांच्या देखरेखीपेक्षा कमी पडत नाहीत असं २०१०मध्ये दिसलं. योहान्सबर्गमध्ये, औषधांवर स्थिरावलेल्या रुग्णांना डॉक्टरांच्या मोठ्या क्लिनिकमधून परिचारिकांच्या प्राथमिक दवाखान्यात पाठवल्यावर वर्षाचा माणशी खर्च सुमारे ५५१ डॉलरवरून ४९२वर आला. अट पुन्हा तीच : रुग्ण स्थिर असावा, कधी परत पाठवायचं ते लेखी ठरलेलं असावं, आणि औषधांचा पुरवठा तुटू नये. शेवटची अट मोडली की परिचारिका कितीही हुशार असली तरी तिच्या हातात काही उरत नाही.

‘गरिबांसाठी सिस्टर आणि श्रीमंतांसाठी डॉक्टर’ ही शंका मात्र मला रास्त वाटते. डॉक्टरांची पदं भरायची नाहीत म्हणून सिस्टरला पुढे करायचं आणि तिच्या मागे फोनवरही डॉक्टर ठेवायचे नाहीत, असं झालं तर ती दुय्यम सेवाच. वरच्या हिशोबात डॉक्टरांच्या तासाचे १,२०० रुपये म्हणूनच धरले आहेत. ते काढून हिशोब स्वस्त दाखवता येतो, रुग्ण सांभाळता येत नाही.

## महाराष्ट्रात सुरुवात कुठून करता येईल

एखाद्या जिल्हा रुग्णालयाला किंवा नर्सिंग महाविद्यालयाला हे करायला फार मोठा निधी लागत नाही. एकच आजार घ्यावा, हृदयाची ताकद कमी झालेले किंवा पायाला जखम असलेले मधुमेही. परिचारिकेने स्वतः काय ठरवायचं आणि कशासाठी डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा, हे दोन पानांत लिहून डॉक्टरांची सही घ्यावी. दाखल होताना बंद पाकिटातून गट ठरवावा. पाकिटं आधीच क्रमांक घालून, वॉर्डाबाहेरच्या माणसाकडे ठेवावीत. परिचारिकेच्या वेळेची नोंद अंदाजाने नको. दर तीन महिन्यांत दोन आठवडे तिने पंधरा-पंधरा मिनिटांची वेळनोंद भरावी, प्रवास आणि रजिस्टरं वेगळ्या रकान्यांत.

आणि दोन्ही गटांतल्या प्रत्येक घरी, कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नसलेल्या माणसाने ३०व्या, ९०व्या आणि १८०व्या दिवशी फोन करावा. विचारायचं एवढंच : मधल्या काळात कुठे ॲडमिट व्हावं लागलं का, सरकारी की खासगी, किती दिवस, खिशातून किती गेले, फुले योजनेतून किती झालं, सोबत कोण राहिलं आणि त्याचे किती दिवस बुडाले. फोन लागला नाही, तर आशाताईंना घरी पाठवावं. जे सापडणार नाहीत त्यांचा आकडाही अहवालात पहिल्याच पानावर लिहावा.